चाकांवरचं पाणी

चौकात तुमचा फ्लेक्स लावलाय. भावकीतल्या सगळ्यांची नावं त्यावर आली आहेत, ज्यांच्याशी तुम्ही बोलत नव्हता त्यांचीसुद्धा. फोटो पुतण्याच्या लग्नातला कापून घेतलाय, त्यामुळे तुमच्या खांद्यावर एक हात तसाच राहून गेलाय आणि तो कुणाचा हे बघणाऱ्याला कळत नाही. तो माझा आहे. उत्तरकार्य आणि गंधमुक्ती कुठे, किती वाजता, शोकाकुल कोण कोण, सगळं छापलंय. मी येता-जाता दोनदा वाचला. ब्रेकबद्दल त्यात एक अक्षर नाही.

हसू नका. आपल्या संसारात दोन गोष्टी कधी टिकल्या नाहीत, कपबश्या आणि गाडीचे ब्रेक. कपबश्या माझ्या हातून फुटायच्या, ते मी कबूल करत आले. ब्रेक कुणामुळे जायचे यावरचं आपलं भांडण मात्र तुम्ही अर्ध्यात टाकून निघून गेलात. परवा पुन्हा बाजार आहे. आपली सोनी गाडी काढणार, मी शेजारी बसणार आणि आम्ही मायलेकी घाटातून उतरणार. मला भीती वाटते आहे. आजवर ही भीती ज्याला सांगितली तो माणूस एकच होता, म्हणून तुम्हालाच सांगते.

आपली पिकअप दर आठवड्याला तळोद्याहून धडगावच्या बाजाराला जायची. जाताना कांदे, बटाटे, लसूण, मीठ. येताना डोंगरातल्या बायांनी कैऱ्या चिरून वाळवलेलं आमचूर, थंडीच्या तोंडावर सीताफळं, कधी तूर. मध्ये चांदसैलीचा घाट. तुम्ही स्टिअरिंगवर, मी शेजारी, मांडीवर भाकरीचा डबा. त्याच घाटातून बाकीच्यांच्याही पिकअप माल भरून उतरतात, पण त्यांचे ब्रेकचे लायनर आपल्या दुपटीने टिकायचे. मिस्त्री आपलं चाक खोलायचा, घासून पत्र्याला लागलेला लायनर सगळ्यांसमोर उंच धरायचा आणि विचारायचा, "काय हो आप्पा, तुम्हनी गाडी लायनर खास का फुटाना?"

गॅरेजमधली सगळी माणसं हसायची. तुम्हीही त्यांच्यात. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्ही दर वेळी नवं कारण काढायचात. कधी माल जास्त झाला होता, कधी पार्ट डुप्लिकेट निघाला होता, कधी रस्त्यावर खडी पसरली होती. एकदा तर म्हणालात, गाडी शनिवारी घरी आणली ना, म्हणून. मी म्हणायचे, गाडी चालवता येत नाही हे एकदा कबूल करा आणि मोकळे व्हा. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "तुले गाडीनं काय समजस?"

गाडीतलं मला काही समजत नव्हतं. भ्यायचं तेवढं समजत होतं. घाटाच्या पहिल्या वळणाला माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जिथे ब्रेक नाही, नुसतं रबरी मॅट आहे तिथे. दाबून दाबून त्या मॅटला भोक पडलं. ते भोक तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचात. "लायनर त बजारमा मिळी जातस, हाई मॅट मी कोठून आनू?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणायचात आणि वर मुद्दाम हॉर्न वाजवायचात. मी दचकले की म्हणायचात, "काय वं कळसाडीवाली, दरी दखाई ऱ्हायनी का?"

पण मला दरीची भीती नव्हतीच, आणि ते तुम्हाला माहीत होतं. मला भीती होती ती इंजिनाच्या ओरडण्याची. पहिल्या वळणाला वाटायचं, आता ते ओरडणार.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तुम्हाला ते एकदाच सांगितलं होतं. माहेरी कळसाडीला आमच्या शेताकडून येताना नाल्याचा एक चढ आहे. मी लहान होते, बांधावर उभी होते. धाकटे काका उसाने भरलेली ट्रॉली घेऊन तो चढ चढत होते. ट्रॅक्टर अर्ध्यावर आला आणि इंजिन एकदम किंचाळायला लागलं. मग तो मागे मागे आला, ट्रॉली आडवी झाली आणि ट्रॅक्टर उलटला. काका खाली सापडले. इंजिन चालूच राहिलं. ते बंद कसं करायचं हे तिथल्या बायामाणसांत कुणालाच सुचेना. काका गेले तरी ते किंचाळत होतं. तेव्हापासून कुठलंही इंजिन चढ्या आवाजात ओरडायला लागलं की मला वाटतं, झालं, आता कुणीतरी जाणार. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. उठलात आणि माठातलं पाणी आणून दिलंत. पुन्हा तो विषय तुम्ही कधी काढला नाही, म्हणून मला वाटलं, विसरलात.

आपली गाडी घाट उतरताना कधी ओरडली नाही. बाकीच्यांच्या गाड्या घूं घूं करत खाली यायच्या, तेव्हा मी कानांवर पदर ओढून घ्यायचे. आपली मात्र शांत. मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे की आमच्या यांचा हातच हलका, गाडीला कळूसुद्धा देत नाहीत की उतार आहे.

शांत होती, पण तिला वास यायचा. घाटाच्या मध्यावर आलं की काहीतरी जळाल्याचा वास केबिनमध्ये शिरायचा, आमचुराच्या आंबट वासाच्या वरताण. मी विचारायचे, काय जळतंय? तुम्ही म्हणायचात, खाली कुणीतरी पाचट पेटवलंय. मी उसाच्या गावची पोर. पाचटाचा वास मला झोपेतही ओळखता येतो, आणि भर उन्हाळ्यात, तोडणी संपून गेल्यावर, या डोंगरात पाचट आलं कुठून? यावरून आपण चांदसैली ते कोठार वाद घातलेले आहेत. तुम्ही हरायला आलात की रेडिओ लावायचात.

घाट संपला की रस्त्याकडेला हातपंप आहे, तिथे तुम्ही गाडी उभी करायचात. त्या पंपाचा भरवसा नाही, म्हणून मी तेलाचा रिकामा कॅन धडगावलाच भरून घेतलेला असायचा. तो घेऊन तुम्ही एकेका चाकावर पाणी ओतायचात, चर्रर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची. मी उतरून जवळ येऊ लागले की ओरडायचात, "दूर ऱ्हाय, भाजशी!" विचारलं तर म्हणायचात, घाट उतरल्यावर गाडीला पाणी पाजावं लागतं, सगळेच पाजतात. आणि खरंच, बाकीचेही कितीतरी जण पाजत होते. मला ते आवडायचं. दमून आलेल्या बैलाला पाजावं तसं वाटायचं. म्हणून कॅन भरायला मी कधी विसरले नाही.

सारंगखेड्याची जत्रा आठवते? आपण घोडे घ्यायला नाही, नुसते बघायला गेलो होतो. एक व्यापारी एका पोरसवदा गिऱ्हाइकावर चिडला होता. त्याला म्हणत होता, लगाम सारखा ओढून धरू नकोस, घोड्याचं तोंड मरतं, मग ऐन वेळी ओढशील तर तो थांबणार नाही. उतारावर त्याला त्याच्या पायांनी उतरू दे. ते ऐकून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि इतके हसलात की व्यापाऱ्याला वाटलं, आपली टिंगल चाललीय. मी विचारलं, काय झालं? तर म्हणालात, "काही नही. चाल, जिलेबी खाऊत." जिलेबी खाल्ली. तुम्ही माझ्याकडे बघून का हसलात हे मात्र मला कळायला फार उशीर झाला.

शेवटच्या संध्याकाळीही आपलं तेच चाललं होतं. लायनर नुकतेच बदलले होते आणि पुन्हा पेडल सैल लागत होतं. मी म्हटलं, उद्या मी स्वतः मिस्त्रीसमोर जाऊन बसते आणि विचारते, सगळा घाट सोडून आपलीच गाडी का. तुम्ही भाकरी मोडत होता. म्हणालात, "इचार, इचार. नही त मीच सांगसू तुले एक दिन." मी म्हटलं, एक दिन म्हणजे कधी? म्हणालात, "तू म्हतारी व्हशी तवय." आणि हसून ठेचा मागितलात. सकाळी अंगणात छातीवर हात धरून खाली बसलात. दवाखान्यापर्यंत गाडी सोनीने चालवली. सपाट रस्ता होता, तिने एकदाही ब्रेक दाबला नसावा. बाकीचं फ्लेक्सवर आहे.

लोक भेटायला येतात आणि दुःखाबद्दल बोलतात. मला दुःखाच्या आधी भीती वाटली. अंगणात गाडी उभी होती, मी तिच्याकडे पाठ करून बसायचे. आता यापुढे त्या घाटात माझ्या शेजारी कोण, एवढाच विचार डोक्यात फिरायचा. गंधमुक्ती होते न होते तोच जिरीबाईचा फोन आला. धडगावकडची आपली जिरीबाई, तिच्या पाड्यावरचं सगळं आमचूर आपणच उचलतो. म्हणाली, "आमचूर वाळी गयं. आभाळ येई ऱ्हायनं. तुम्ही येतस का नही?" आमचुरावर एक सर पडली की ते काळं पडतं, मग त्या बायांची उन्हाळाभराची मेहनत गुरांपुढे टाकायची. तुमचे भाऊ म्हणाले, ड्रायव्हर बघू, पोरीला घाटात पाठवू नका. पण ऐन सीझनमध्ये मोकळा ड्रायव्हर कुठला? सोनी चप्पल घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी जासू."

तुम्ही तिला चालवायला शिकवलंत तेव्हा मी चार दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. नंदुरबारला मिरची घेऊन ती एकटी जाऊन यायची ते मी सोसलं, कारण तो रस्ता सपाट. घाटात तिने गाडी चालवलेली मी कधी पाहिली नव्हती. पोर घाटात जाणार आणि मी घरी देव पाण्यात ठेवून बसणार, हे काही जमण्यासारखं नव्हतं. शेजारी बसून जे व्हायचं ते होऊ दे म्हटलं. सवयीने कॅन घेतला.

चढताना गाडी नुसती कण्हते, किंचाळत नाही, त्यामुळे काही वाटलं नाही. धडगावला पोती भरली, कॅनही भरला. जिरीबाईला तळोद्याला लेकीकडे यायचं होतं, ती मागे पोत्यांवर बसली. परत फिरलो. घाटाचं पहिलं वळण दिसलं आणि सोनीने गाडी जवळजवळ थांबवली, दुसरा गियर टाकला आणि ब्रेकवरून पाय काढून घेतला.

गाडी ओरडली. आपली गाडी, जी इतकी वर्षं माझ्यासमोर कधी आवाज चढवून बोलली नाही, ती किंचाळायला लागली. मला समोर रस्ता दिसेना, नाल्याचा चढ दिसायला लागला. मी सोनीचा हात धरला. "थांब! काय करी ऱ्हायनी? मरसूत आपण! बंद कर तो आवाज!"

"माय, असंच उतरतस. हात सोड."

"तुन्हा बाप कधी असा उतरना नही!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने तिसरा गियर टाकला. आवाज गेला. मला बरं वाटलं. आता हे सांगताना भीती वाटते, पण खरं आहे, मला बरं वाटलं. मी मान मागे टेकली आणि मनात म्हटलं, आता कशी बापासारखी चालवतेय.

ती वळणावळणाला ब्रेक दाबत होती, आणि वळणं संपल्यावरही पाय तिथेच ठेवत होती. मग तो वास आला. पाचट नव्हतं, आमचूर नव्हतं. मी विचारलं, काय जळस? तिने पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा पुन्हा दाबला. मग अगदी तुमच्यासारख्या हळू आवाजात म्हणाली, "माय, पेडल खाली जाई ऱ्हायनं."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. उजवीकडे दरी. मागे पोत्यांवर म्हातारी जिरीबाई. गाडी शांत, अगदी शांत, आणि प्रत्येक श्वासाला वेग वाढत चाललेला. माझा पाय त्या मॅटच्या भोकात एवढ्या जोराने दाबला गेला की दुसऱ्या दिवशी टाच टेकवत नव्हती. सोनीने हँडब्रेक ओढला, गियर मागे खेचला, तो आत जाईना, पुन्हा खेचला, आणि दुसरा पडला तशी गाडी अशी किंचाळली की माझे दात वाजले. या वेळी मी ओरडले नाही. डावीकडे कातळाच्या कडेला रस्त्याच्या कामाचा मुरूम पडला होता, त्यात तिने गाडी घातली. पुढचं चाक ढिगावर चढलं आणि आम्ही थांबलो.

डोंगरातली माणसं मालावर बसताना पायाशी एक दगड घेऊन बसतात. गाडी कुठेही थांबली की आधी उतरून तो चाकाला लावायचा, बाकी बोलणं मागाहून. जिरीबाईने उतरून दगड लावला, लुगडं झटकलं, आणि मग म्हणाली, "मले वाटनं, आते संपनं." पुढे चाकांकडे बघत म्हणाली, "धुपी ऱ्हायनं देख."

चाकांतून धूर निघत होता. मला एकच गोष्ट सुचली. मी कॅन घेऊन धावले. सोनीने मागून येऊन माझं मनगट पकडलं.

"नको! ब्रेकना गरम ड्रमवर गार पानी टाकं का तडा जास त्यासले!"

"तुन्हा बाप त कायम टाके!"

"धूर तुले दखावाले नको म्हनीसन टाके!" ती किंचाळली, आणि मग मुरमावरच बसली आणि रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. मला वाटलं, घाबरून रडतेय. मी शेजारी बसले. तेव्हा तिने सांगितलं.

"आप्पाले सगळं माहीत व्हतं, माय. मले त्यासनी दुसरा गियरवरच घाट उतरानं शिकाडेल शे. तू कळसाडीले गयेल व्हती तवय मले घाटमा लई येत. म्हनेत, ब्रेकवर पाय ठेवीसन उतरशी त एक दिन ब्रेक तुले सोडी दी."

मी म्हटलं, "मंग सोता काबर तसं उतरेत?"

"तू बाजूमा बठेल ऱ्हास. गाडी वरडनी का तू भ्यास. तुन्हा काकानं त्यासले माहीत व्हतं. म्हनेत, तुन्ही मायनं भ्यायेल तोंड देखाई जात नही. आणि मले सांगेल व्हतं, मायले सांगू नको."

जिरीबाई तंबाखू मळत लांब उभी राहिली. ऊन होतं. खालच्या वळणावरून दुसरी कुणाची तरी पिकअप घूं घूं करत उतरत होती, आणि मी तो आवाज ती दिसेनाशी होईपर्यंत ऐकला, कान न झाकता.

मला तुमचा राग आला. तुम्ही समोर असता तर तो कॅन तुमच्या डोक्यात घातला असता. मागच्या किती बाजारांना आपण त्या घाटातून उतरलो ते आठवत बसले आणि एकेका बाजाराची भीती मला तिथे, मुरमावर बसल्या जागी, मागाहून वाटली. सोनी लहान असताना माझ्या मांडीवर झोपलेली असायची, ते उतरणं. मागे पोत्यांवर माणसं बसलेली असायची, हसत बोलत, ते उतरणं. त्या प्रत्येक वेळी मी मान टेकून बसले होते आणि तुम्ही एकटे पायाखाली पेडल कुठवर जातंय ते चाचपत होता. रेडिओ लावताना तुमच्या कपाळावर घाम असायचा. मी म्हणायचे, उन्हाळाच मेला असा.

सांगायचं ना हो! एकदा सांगायचं होतं, की कळसाडीवाली, गाडी ओरडते तेव्हा ती आपल्याला धरून ठेवते, गप्प असते तेव्हा सुटलेली असते. मी रडले असते. चार बाजार तुमच्या गाडीत बसले नसते. मग झक मारत बसले असते, आणि झाली असती सवय. तुम्हाला काय वाटलं, मी एवढी काचेची आहे? गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर हसून घेतलंत, माझी बोलणी खाल्लीत, पाचटाची थाप मारलीत, पण एक वाक्य तुमच्याने बोलवलं नाही. असलं जपणं काय कामाचं, ज्यात दोघांचाही जीव जाईल?

आणि हा राग मनातल्या मनात चालू असताना मध्येच माझ्या डोळ्यांसमोर माठातलं पाणी घेऊन आलेले तुम्ही आलात. तरणे, मिसरूड फुटलेले, काय बोलावं ते न सुचलेले. मी एकदाच सांगितलेली गोष्ट तुम्ही त्या घाटाच्या प्रत्येक वळणावर लक्षात ठेवलीत. माझ्या माहेरची माणसंसुद्धा ती विसरली. चुकीचं होतं, वेडेपणा होता, मरणाचा खेळ होता. पण माझ्या भीतीला एवढा मान या जगात दुसऱ्या कुणी दिला नाही, आणि आता देणारही नाही.

धूर थांबला. सोनीने पेडल दाबून पाहिलं, थोडं वर आलं होतं. जिरीबाईने दगड उचलला आणि पुन्हा पोत्यांवर जाऊन बसली. आता कुणाला फोन करून बोलावण्यात अर्थ नव्हता, घाटात रेंज नाही, आणि डोंगरावर आभाळ काळं होत चाललं होतं. सोनी स्टिअरिंगवर बसली. गाडी चालू केली. गियरच्या दांड्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"माय, कोनता टाकू?"

तिचा चेहरा बघून मला कळलं की मी तिसरा म्हटलं असतं तर ती तिसरा टाकणार होती. तुमचीच पोर. ब्रेक गेले तरी चालतील, पण आईचं तोंड असं बघवत नाही. तुमचं ते वेड तुम्ही तिच्या पायात ठेवून गेलात, आणि माझ्या एका शब्दावर तिचा जीव होता. आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. नाल्यावर नाही, दवाखान्यात नाही.

"दुसरा," मी म्हटलं.

"वरडी गाडी."

"वरडू दे. दुसरामाच राहू दे. मी काही बोलनू, रडनू, तरी काढू नको."

गाडी ओरडली. खालपर्यंत ओरडली. मी धीट झाले असं काही समजू नका. मी डोळे मिटले तर काका दिसायचे आणि उघडले तर दरी दिसायची, म्हणून मी सोनीच्या पायाकडे बघत बसले. तो ब्रेकच्या शेजारी नुसता ठेवलेला होता. वळण आलं की टेकायचा, लगेच उचलायचा. माझा पाय आपल्या भोकात घट्ट होता. एका वळणावर मी मोठ्याने तुम्हाला शिवी दिली. इंजिनाच्या आवाजात ती ऐकू गेली नसावी, गेली असली तरी सोनीने तसं दाखवलं नाही. आवाज संपता संपत नव्हता, आणि कुणी मरत नव्हतं. वळण यायचं, आम्ही असायचो. पुन्हा वळण यायचं, आम्ही असायचो.

हातपंपापाशी सोनीने गाडी उभी केली. तिला तिथे थांबायचं काही कारण नव्हतं, गाडीच थांबली जणू सवयीने. इंजिन बंद केल्यावर कान सुन्न झाले. मी उतरले. हातात कॅन होता, काठोकाठ भरलेला, वरून आणलेला. मी मागच्या चाकापाशी गेले. इतक्या वर्षांत त्या चाकाच्या एवढ्या जवळ मी कधी गेले नव्हते. तुम्ही येऊ दिलं नव्हतंत.

मी घाबरत घाबरत बोट लावून पाहिलं. मग तळहात ठेवला. चाक तापलेलं नव्हतं. गारही नव्हतं. माणसाच्या हाताइतकं कोमट होतं.

"माय, चाल," सोनी म्हणाली. "पानी येई ऱ्हायनं."

"थांब जरा," मी म्हटलं, आणि हात तिथेच ठेवला.